धागा : बडोद्यातली तुमची उंचावरची जागा कोणती?

परवा माहेरी, रावपुऱ्यात, अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, पापड घालायला चढले. लहानपणी तिथून कीर्तिमंदिराचं शिखर दिसायचं, त्यावरचे सूर्य-चंद्र आणि अखंड हिंदुस्थानाचा नकाशा. बाबा बोट धरून दाखवायचे. आता मध्ये कुणाचीतरी पाण्याची टाकी आणि तीन एसी. पापड राहिले बाजूला, दहा मिनिटं मी टाचा उंचावत उभी. म्हणून हा धागा. अगाशी, माळा, पूल, जिना, काहीही चालेल. आपलं बडोदं तुम्ही कुठून वरून पाहिलंत ते लिहा.

वाडीतली सून
मी साताऱ्याची. आमच्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि हळदीकुंकू, दोन्ही जमिनीवर. लग्नानंतरच्या पहिल्या 14 जानेवारीला सकाळी साडेसहाला सासूबाई म्हणाल्या, "नाश्ता वरच करायचाय गं." मला वाटलं चेष्टा. चार जणांच्या घरात धाब्यावर (गच्चीला इथे धाबं म्हणतात) तीस माणसं! उंधियू वर, जिलबी वर, सासरेबुवांची आरामखुर्चीसुद्धा वर. दुपारी बायका हळदीकुंकवाला आल्या त्याही तो उभा लाकडी जिना चढून, एका हाताने पदर आणि दुसऱ्याने दोर धरून.

दीर पतंग घेतो तेव्हा आधी ढड्ढा, म्हणजे मधली उभी काडी, डोक्याच्या केसांवर घासत हलकेच वाकवतो. मग किन्ना, म्हणजे मांजा जोडायची दोऱ्यांची गाठ, बांधतो, दोन्ही दोऱ्या पतंगाच्या कडेला लावून मापतो, पुन्हा सोडतो, पुन्हा बांधतो. गाठ जरा इकडची तिकडे झाली तर पतंग जागच्या जागी गरगर फिरतो. माझ्याकडे फिरकी. ढील देताना ती हातात अशी पळते की तळव्याला चटका बसतो. समोरच्याचा पतंग काटला की अख्खी पोळ, म्हणजे आमची गल्ली, ओरडते, "काय पो छे!" आणि मागून "लपेऽट!" पहिल्या वर्षी मी लाजून हळूच म्हटलं होतं. आता माझाच आवाज सगळ्यात मोठा असतो, असं नवरा म्हणतो. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे उरलेला उंधियू आणि उरलेला घसा.

रोजचा स्कूटरवाला
वहिनी, मजा तुमची, गळा आमचा. अटल ब्रिज, म्हणजे गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी हा उड्डाणपूल, साडेतीन किलोमीटर. जानेवारीत त्यावर चढताना छातीत धस्स होतं. खाली रस्त्यावर असलो की दोरी डोक्यावरून जाते. पुलावर आपण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीला, आणि कटलेल्या पतंगाची दोरी या धाब्यावरून त्या धाब्यावर लोंबत जाते ती बरोबर मानेशी. म्हणून स्कूटरला पुढे वाकवलेली सळी लावून घेतली आहे, वर मफलर. दोन वर्षांपूर्वी सळीला दोरी अडकली होती. कर्रर्र असा आवाज. तो अजून कानात आहे.

पुरातली
2024चा ऑगस्ट. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट, आणि नदी 35च्याही वर गेली. आमचं घर तळमजल्यावर. जन्माष्टमीचा सुंठवडा अजून डब्यात होता. वरच्या मजल्यावरच्या बेननी हाक मारली, "उपर आवी जाओ!" आम्ही देव, कागदपत्रं आणि सासूबाईंची औषधं घेऊन गेलो. दोन दिवस त्यांच्या बैठकीच्या खोलीत नऊ जण. गॅलरीतून खाली पाहिलं की आमच्या गाडीचं फक्त छप्पर, मग तेही नाही. तेव्हाच अकोट्यात एका घराच्या छपरावर मगर बसल्याचा व्हिडिओ फिरत होता. बेनचा नातू दर तासाला गच्चीचं दार उघडून बघायचा. मगर नव्हती, पण दार लावताना त्याचा चेहरा पडलेला असायचा!

पाणी उतरलं, चिखल काढला, आणि तीन-चार दिवसांत पुन्हा मोठ्या पावसाचा इशारा. या वेळी लोकांनी शहाणपणा केला. गाड्या नेऊन पुलांवर लावल्या. रात्री नवरा दिराची गाडी ठेवायला गेला तर कडेने ओळच्या ओळ, प्रत्येकाच्या काचेवर चिठ्ठी आणि मोबाईल नंबर. पूल नदी ओलांडायला बांधतात, हे त्या रात्री कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

जुन्या पादरा रोडवरचा दुकानदार
मी वरून नाही, खालून लिहितो. अटल ब्रिज होईपर्यंतची वर्षं पत्र्याच्या आडोशामागे धंदा केला. डिसेंबर 2022मध्ये पूल सुरू झाला, पेढे वाटले. गर्दी वर गेली, आणि गिऱ्हाईकही वरूनच गेलं. आता दुपारीसुद्धा ट्यूबलाइट लावतो. एक खरं, पावसात पुलाखाली गाडी लावून लोक थांबतात आणि थांबले की वही-पेन तरी घेतात.

अपडाऊनवाला
स्टेशनच्या दादरावरून, म्हणजे पादचारी पुलावरून, रोज दोनदा. शेजारी बुलेट ट्रेनचे खांब आणि वरची ती काँक्रीटची वाट. मुंबई-अहमदाबाद 508 किलोमीटर, बहुतेक सगळी खांबांवरच. शहराबाहेर अख्खा 40 मीटरचा गर्डर एकदम उचलून ठेवतात, वजन 970 टन. आपल्या स्टेशनच्या इमारतीत वडाच्या झाडाची कल्पना घेतली आहे, बडोद्याला शोभेल अशी. माझ्यासारखे दहा-बारा जण पिशवी खांद्यावर टाकून कठड्याला रेलून बघत उभे असतात, मागचा "चलो चलो" करतो तरी हलत नाहीत. एक काका तर रोज खांबाचं प्लास्टर तपासल्यासारखे बघायचे. विचारलं तर म्हणाले, "आमच्या काळात आम्ही प्रतापनगरहून नॅरोगेजची, छोट्या रुळांची गाडी पकडायचो, ती पळत जाऊन पकडता यायची." यावर मी... मेमू (लोकल गाडी) लागली. बाकीचं संध्याकाळी.