छोट्या सुट्टीचा डबा: दूध-तुपाशिवायचा खाऊ

सकाळच्या शाळेची मुलं पावणेसातला घर सोडतात आणि छोटी सुट्टी साडेनऊ-दहाला होते. हातात मिनिटं जेमतेम दहा, त्यातली दोन-तीन हात धुण्यात जातात. त्यामुळे खाऊ कढईतून उतरल्या-उतरल्या कसा लागतो हे पाहून चालत नाही. तीन तास बंद डब्यात राहिल्यावर तो कसा लागतो, एका हाताने उचलता येतो का, बोटांना तेल लागून वह्या खराब होतात का, हे पाहावं लागतं. या धाग्यावर दूध, दही, तूप आणि मध यांतलं काहीही न घालता होणारे पदार्थ लिहा. माप, विस्तवावरचा वेळ आणि नेमकं बिघडतं कुठे, हे तिन्ही हवं. वाटी आमटीची, साधारण १५० मिलीलिटरची धरू.

सुरुवात दाण्याच्या लाडवापासून. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं भाजायचे. आच मोठी ठेवली की सालं काळी पडतात आणि दाणा आतून कच्चाच राहतो. भाजलं गेलंय का ते गरम दाण्यावरून कळत नाही, तो मऊच लागतो. एक दाणा बाहेर काढून गार करून चावून पाहा. सगळे दाणे पूर्ण गार झाले की सालं पाखडून मिक्सर थांबवत-थांबवत फिरवायचा. गरम दाणे किंवा सलग फिरवलेले दाणे तेल सोडतात आणि कुटाऐवजी लगदा हाती येतो. कूट झाल्यावर पाऊण वाटी चिरलेला गूळ घालून दोनदाच फिरवा, दाण्यातल्या तेलावर लाडू वळले जातात. वळत नसतील तर वरून तेल ओतू नका. मूठभर मिश्रण पुन्हा बारीक करून त्यातच मिसळा. गूळ साधा, मऊ घ्या. चिक्कीचा गूळ घातला तर दुसऱ्या दिवशी लाडू दगड होतो.

भाजण्याआधी दाणे निवडणं मात्र टाळू नका. सुरकुतलेला, काळपट, बुरशी दिसणारा किंवा चवीला कडू दाणा फेकून द्यायचा. त्या बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

* * *

लाडवावर एक भर: पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. कूट, पीठ किंवा लाडू चालतो. द्राक्षंसुद्धा उभी चिरूनच द्या, आडवी चिरलेली गोल चकती तशीच अडकू शकते.

* * *

राजगिऱ्याच्या लाह्या घरी फोडायच्या तर जाड बुडाची कढई आधी चांगली तापली पाहिजे. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चुर्रकन उडून गेला की एकाच वेळी फक्त एक मोठा चमचा राजगिरा टाका आणि सुती फडक्याच्या बोळ्याने कढईभर फिरवत राहा. आठ-दहा सेकंदांत लाह्या पांढऱ्या फुलतात, त्या लगेच ताटात काढा. दोन चमचे टाकले तर खालचे जळतात आणि वरचे फुलत नाहीत. कढई पुरेशी तापली नसेल तर दाणा न फुलताच लाल होतो, तो घाणा कडू लागतो, वेगळा काढा. शेवटी सगळ्या लाह्या चाळून घ्यायच्या. न फुललेले दाणे लाडवात राहिले की दाताखाली वाळूसारखे कचकचतात, आणि मूल तो लाडू पुन्हा हातात घेत नाही.

एक वाटी गुळात दोन चमचे पाणी घालून मध्यम आचेवर पाक करा. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला की त्याची मऊ गोळी झाली पाहिजे. थेंब विरघळला तर पाक कच्चा, लाडू ढासळतात. टणक होऊन वाटीवर वाजला तर पुढे गेला, मग लाडू नाही, चिक्कीच पाडा. चार वाट्या लाह्या घालून गॅस बंद करा आणि हाताला तुपाऐवजी पाणी लावून वळा. मिश्रण गार झालं की कितीही दाबलं तरी लाडू वळत नाही, म्हणून दोघांनी मिळून वळायला बसावं.

* * *

मटकी. आठ तास भिजवली, पाणी पूर्ण निथळलं, मग कपड्यात बांधली. उन्हाळ्यात १२ तासांत मोड येतात, थंडीत २४ लागतात. अर्धा-पाऊण सेंटिमीटर मोड पुरे; लांब मोड दिसायला छान, पण डब्यात तुटून लोळतात. बुळबुळीत झाली किंवा वास आला तर पुरचुंडीच्या तळाशी पाणी साचलं होतं असं समजा आणि सगळी टाका, धुऊन वापरू नका.

लहान मुलांना कच्चे मोड देऊ नका. मोड येतात त्याच उबेत आणि ओलाव्यात जंतूही वाढतात. चाळणीत सात-आठ मिनिटं वाफवलेली मटकी दाणा-दाणा सुटी राहते. कुकरची शिट्टी केली की पीठ होतं. वाफवलेल्या दोन वाट्या मटकीला एक चमचा तेलाची फोडणी, हिंग, जिरं, मीठ, किसलेलं गाजर, आणि डबा भरताना लिंबू. लिंबू फोडणीत शिजवायचं नाही, कडवट होतं. शिवाय कडधान्यांतलं लोह शरीराला नीट मिळायला लिंबातलं क जीवनसत्त्व उपयोगी पडतं, आणि ते उष्णतेने कमी होतं.

कांदा-टोमॅटो डब्यात नको. तीन तासांत पाणी सुटतं आणि मटकी त्यात तरंगते.

* * *

नाचणीबद्दल तपशिलात लिहिते, कारण दूध नसलेल्या घरात तिला तोड नाही. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गहू-तांदूळ त्याच्या जवळपासही नाहीत. मोड आणून केलेलं पीठ पचायला हलकं, आणि त्यातली खनिजंही जास्त चांगली शोषली जातात. नाचणी तीन-चार पाण्यांत धुवा (बारीक माती असते, शेवटचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायची), १० तास भिजवा, निथळून बांधून ठेवा. मोड एक-दोन मिलिमीटरचे आले की सावलीत पसरून खडखडीत वाळवा. मग मंद आचेवर खमंग भाजून गार करून दळा. अर्धवट वाळलेली दळली तर पिठाला आठवड्यात कुबट वास येतो.

डब्यासाठी वड्या. एक वाटी पीठ तीन वाट्या गार पाण्यात आधी कालवून घ्यायचं, मगच विस्तवावर ठेवायचं. गरम पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. पाऊण वाटी गूळ, चिमूट मीठ आणि वेलदोडा घालून मंद आचेवर सतत ढवळा. पाच-सहा मिनिटांत घट्ट होतं आणि झालं असं वाटतं, पण तेव्हा उतरवू नका. रंग गडद चकचकीत होऊन गोळा कडेने सुटेपर्यंत आणखी सात-आठ मिनिटं लागतात. आधी उतरवलेली वडी पिठूळ लागते आणि सुरीला चिकटते. तेलाचा हात लावलेल्या थाळीत थापून दोन तास तशीच ठेवा, मग कापा.

पाण्याऐवजी नारळाचं दूध घातलं तर वडी फार सुरेख होते, पण ती थंडीतच डब्यात द्या. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हात ओला नारळ दुपारपर्यंत आंबतो. गोव्यात नाचणी भिजवून, वाटून, गाळून नारळाच्या दुधात आणि गुळात तिझन करतात. ते सैल असतं, शाळेतून आल्यावर वाटीत खायला उत्तम.

* * *

लाल भोपळ्याच्या दशम्या. दोन वाट्या किसात पाऊण वाटी गूळ घालून पाच मिनिटं शिजवा, पूर्ण गार करा, मग मीठ, तीळ आणि मावेल तितकी कणीक. पाण्याचा थेंबही नको. मिश्रण गरम असताना कणीक घातली तर गोळा अर्ध्या तासात सैल पडतो, मग आणखी कणीक, आणि दशमी चिवट. जाडसर लाटून मंद आचेवर चमचाभर तेलावर भाजा; गूळ असल्याने मोठ्या आचेवर बाहेरून काळी, आतून ओली राहते. याचेच घारगे तळता येतात, पण रोजच्या डब्याला दशमी बरी.

* * *

परदेशात बऱ्याच शाळांमध्ये अॅलर्जीमुळे शेंगदाणे-काजू-बदाम आणायला मनाई असते, म्हणून दाण्याच्या लाडवाला पर्याय. एक वाटी डाळं, अर्धी वाटी भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया, अर्धी वाटी गूळ, सगळं बारीक करून दोन-तीन चमचे वितळलेलं खोबरेल तेल. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे थंड हवेत हे लाडू तुपाच्या लाडवासारखे घट्ट बसतात. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात मात्र तेल सुटून डब्याच्या तळाशी येतं. तिथे तेल एक चमचा करून बियांचं प्रमाण वाढवा.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. सूर्यफुलाच्या बियांचं पीठ आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की केक किंवा बिस्किटं आतून हिरवी होतात. अपायकारक काही नाही, पण मुलाला आधी सांगून ठेवा. आणि तीळ वापरण्यापूर्वी शाळेला विचारा. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटबंद पदार्थांवर तिळाचा उल्लेख अॅलर्जीकारक म्हणून करावा लागतो, कारण तिळाची अॅलर्जीही तीव्र असू शकते.

* * *

आहाराच्या बाजूने थोडंसं. वरचे सगळे पदार्थ चांगले आहेत, पण ब-१२ जीवनसत्त्व यातल्या एकाही पदार्थातून मिळत नाही. मोड, आंबवलेलं पीठ, नाचणी, कशातूनही नाही. दूध, अंडी, मासे, मांस यांतलं काहीच न खाणाऱ्या मुलाला ते बालरोगतज्ज्ञांना विचारून वेगळं द्यावंच लागतं. आणि गूळ पौष्टिक म्हणून हवा तेवढा घालू नका, तीही साखरच आहे. डब्यात एक गोड लाडू असेल तर दुसरा पदार्थ तिखटमिठाचा ठेवा.

* * *

तिखटमिठाचं म्हणताय तर मुगाची धिरडी. एक वाटी हिरवे मूग सहा तास भिजवून, निथळून, आलं-जिरं आणि दोन चमचे तांदळाच्या पिठाबरोबर वाटा. तांदळाचं पीठ नसेल तर धिरडं उलटताना फाटतं. पीठ पळीतून सावकाश ओघळावं इतकंच सैल. तवा तापला की पाणी शिंपडून पुसा, मग घाला. फार तापल्या तव्यावर पीठ पळीलाच गुंडाळून येतं. किसलेली दुधी घालायची असेल तर पिळून घाला.

धिरडं पूर्ण गार झाल्यावर त्यावर दाण्याची किंवा जवसाची चटणी पसरून घट्ट गुंडाळा आणि तीन तुकडे करा. गरम असताना गुंडाळलं की वाफ आतच राहते आणि डबा उघडल्यावर हाती लगदा लागतो.

* * *

शेवटचा मुद्दा सगळ्यांनाच लागू. स्टीलच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमले असतील तर पदार्थ गरम भरला गेलाय. ताटात पसरून दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा, झाकण कोरडं पुसा, मग भरा. राजगिऱ्याचा लाडू आणि वाफवलेली मटकी एकाच कप्प्यात कधीही नको, लाडू ओल धरतो. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून निथळल्या तर लवकर काळ्या पडत नाहीत; पेरूला तेवढंही लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत ओल्या शेंगा मीठ घालून कुकरमध्ये तीन शिट्ट्या उकडा, पाणी काढून टाका आणि मोठ्या मुलांना सालासकट द्या. लहान मुलांसाठी दाणे सोलून ठेचा. टरफलांसाठी डब्यात एक कागदी पिशवी ठेवायला विसरू नका.