सावंतवाडीचा राजवाडा चुकवू नका

वर कुणीतरी लिहिलंय की तळकोकणात किल्ले आणि समुद्र सोडले तर बघण्यासारखं काही नाही. अहो, सावंतवाडीचा राजवाडा आहे की! तिथे कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, हाताने रंगवताना दिसतात. हातात गोल पत्ता, बारीक कुंचला, एकेक रेघ जपून. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराचे १२, असे १२० पत्ते. ही कला जवळपास बुडाली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. अर्ध्या तासात उरकायची जागा नाही ही.

रत्नागिरीवरून जाणार असाल तर थिबा पॅलेस बघाच. थिबा हा ब्रह्मदेशाचा राजा. इंग्रजांनी त्याला १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलं. १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, तेव्हा तर आधी हीच दोन ठिकाणं धरा.