दादाचं क्रिएटिनिन १.३. वहिनींचं?

रंकाळ्याचा_वारा :

मंडळी, धागा जरा तिखट होणार, आधीच सांगतो.

परवाच्या रविवारी आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी जेवण होतं. दादाला किडनी बसवून नऊ वर्षं झाली, त्याचं. पांढऱ्या रश्श्याचं मोठं पातेलं. मीठ पडायच्या आधी दादापुरता रस्सा वेगळा काढलेला. येणारा प्रत्येक पाहुणा चप्पल काढता काढताच विचारायचा, "काय, क्रिएटिनिन किती?" आणि दादा छाती काढून, "वन पॉइंट थ्री!" जणू दहावीचा निकाल. (क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं गाळायचा रक्तातला कचरा; आकडा कमी तितकी किडनी बरी.) ज्यांच्या पोटातली किडनी त्याच्या पोटात गेली त्या वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या. पाणी प्यायला गेलो तेव्हा सहज विचारलं, "वहिनी, तुमचं शेवटचं कधी तपासलं?" त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "लॉकडाऊनच्या आधी बघा. तेव्हा ठीक होतं."

तर माझं मत असं : घरातल्या जिवंत माणसाची किडनी हा पहिला पर्याय होता कामा नये. आधी पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव लावा, डायलिसिस करा, ब्रेनडेड म्हणजे मेंदू मृत झालेल्या माणसाच्या किडनीची वाट बघा. घरच्याच्या पोटाला सुरी अगदी शेवटी. आपण "रिझल्ट चांगले" म्हणतो ते घेणाऱ्याचे. देणाऱ्याचा रिझल्ट काढतंय कोण? २०१४ साली अमेरिकेतल्या दात्यांचा मोठा अभ्यास आला होता. किडनी दिलेल्या दहा हजारांत आयुष्यभरात ९० जणांची उरलेली किडनी निकामी होईल असा अंदाज. तितक्याच निरोगी पण न दिलेल्या दहा हजारांत १४. आणि आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त, घेणारे बहुतेक पुरुष. हे काय रक्तगट जुळल्यामुळं होतंय का?

तिसरी_पाळी :

भावा, "वाट बघा" म्हणायला काय जातंय? मी डायलिसिसला टेक्निशियन आहे, एक दिवस माझ्यासोबत पाळी काढ. आठवड्यातनं तीन वेळा, दर वेळी चार तास, हातातल्या फिस्टुलात, म्हंजे ऑपरेशन करून एकमेकींना जोडलेल्या रक्तवाहिन्यांत, दोन जाड सुया. राधानगरीकडनं एक पोरगा येतो, तिशीतला. पहिली एसटी धरून. सुई टोचायच्या आधी माझं बोट धरून स्वतःच्या फिस्टुलावर ठेवतो आणि विचारतो, "वाजतंय नव्हं?" म्हंजे आत रक्ताची थरथर लागतीय ना. ती थांबली की नवी फिस्टुला करायची वेळ. मे महिन्यातसुद्धा पाणी मोजून, शहाळं बंद, आणि दोन पाळ्यांच्या मधी तीन किलो पाणी चढलं की रात्री आडवं होता येत नाही. डायलिसिस जेवढा लांबेल तेवढं हृदय खराब, आणि मग पुढं बसणाऱ्या किडनीचा रिझल्टबी पडतो. डायलिसिस लागायच्या आधीच ट्रान्सप्लांट झालेले पेशंट सगळ्यात चांगले चालतात. यादीत नाव लावून ते जमत नाही, घरचाच दाता लागतो.

आता आकडे काढलासच तर पुरते काढ की. त्याच अभ्यासातला तिसरा आकडा गाळलास : कुठलीही तपासणी न केलेल्या सरसकट माणसांत दहा हजारी ३२६. म्हणजे किडनी दिलेला माणूस रस्त्यावरच्या माणसापेक्षा बरा. ऑपरेशनमुळं दाता दगावण्याचं प्रमाण, २०१० साली ऐंशी हजार दात्यांचा हिशेब आला त्यात दहा हजारांत तीन होतं. अलीकडच्या दहा वर्षांत ते एकाच्या आसपास आलंय. किडनी टिकते किती? जिवंत दात्याची साधारण पंधरा-वीस वर्षं, ब्रेनडेडची दहा-बारा. कारण दोन थिएटरं शेजारी-शेजारी असतात, किडनी बर्फात फार वेळ राहत नाही, पुष्कळदा टेबलावरच नव्या किडनीतनं लघवी सुरू होते. तुझा दादा नऊ वर्षं वन पॉइंट थ्रीवर आहे तो वाट बघून नव्हे.

रंकाळ्याचा_वारा :

३२६ मुद्दामच गाळला. त्या सरसकट माणसांत शुगरवाले, बीपीवाले, आधीच किडनी बिघडलेले सगळे येतात. दाता घेताना आपण सतरा तपासण्या करून, प्रत्येक किडनी किती काम करते ते दाखवणारा डीटीपीए स्कॅन काढून ठणठणीत माणूस निवडतो. मग तुलना ठणठणीताशीच करायची. पैलवानाचं वजन उतरलं तर "गावातल्या माणसांपेक्षा जास्तच आहे" म्हणून वस्ताद गप्प बसतो का?

डायलिसिसचं मान्य. दादाचे ते चौदा महिने मीही पाहिलेत, म्हणून तर वहिनींनी हो म्हटलं तेव्हा आम्ही कुणीच तोंड उघडलं नाही.

लाल_माती :

तालमीचा विषय काढलाच म्हणून लिहितो, नाहीतर इथं नुसतं वाचतो.

थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मी पंचवीसचा. रक्तगट तोच. घरात बैठक बसली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की एक किडनी राहिल्यावर कुस्ती बंद, कुशीत दणका बसला तर दुसरी कुठनं आणणार. मी म्हटलं, सोडतो कुस्ती. आई म्हणाली, "तू गप. मी आहे की." वडलांचाही रक्तगट जुळत होता, पण त्यांच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. ते सोप्यात पेपर वाचत बसले होते. पाच मिनिटांत विषय संपला. त्याच रात्री मी खुराक घेतला, बदाम आईनंच वाटले होते.

आई बरी आहे, भाऊ बरा आहे. रिझल्ट म्हणाल तर शंभर टक्के. पण ती पाच मिनिटं मला अजून खुपतात.

एक_किडनीवाली :

मी कागलला शिक्षिका आहे. किडनी दिली तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते, आणि दिली धाकट्या बहिणीला. रंकाळ्याचा वारा, तुमचा लेख वाचून आधी बरं वाटलं आणि मग राग आला. वहिनींना तुम्ही "बिचाऱ्या" करून टाकलंत. त्यांना विचारलंत का, पुन्हा वेळ आली तर काय कराल?

माझं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. डावी काढली, डाव्या किडनीची शीर लांब असते, जोडायला सोपी जाते म्हणे. चौथ्या दिवशी घरी. पोटापेक्षा खांदा जास्त दुखला, पोटात भरलेल्या गॅसमुळं. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, मी रात्रभर हृदयाचं काही झालं म्हणून घाबरलेली. माझं क्रिएटिनिन आधी ०.७ होतं, आता १.० असतं. उरलेली किडनी थोडी मोठी होते, कामाला लागते आणि दोन्ही किडन्यांचं मिळून जेवढं काम व्हायचं त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास एकटी उचलते. दर चैत्रात जोतिबाचा डोंगर चढते. वर्षातून एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन. गुडघे दुखले तरी ब्रुफेन-डायक्लोफेनॅकसारख्या किडनीला त्रास देणाऱ्या गोळ्या मनानं घेत नाही. बस.

आणि ऑपरेशनच्या आधी मला एकटीला आत घेऊन विचारलं होतं, "कुणाचा दबाव आहे का? नाही म्हणायचं असेल तर आम्ही बाहेर 'जुळत नाही' एवढंच सांगू." ही वाट प्रत्येक बाईला खरोखर उघडी असेल तर तिचा निर्णय तिचा आहे. एका बाबतीत मात्र मी कडक आहे : जिला अजून मूल हवंय तिनं दहा वेळा विचार करावा. कॅनडातल्या अभ्यासात दात्या बायकांमध्ये गरोदरपणी बीपी वाढण्याचं प्रमाण ११ टक्के निघालं, इतरांत ५.

शेवटचं. वहिनींची तपासणी लॉकडाऊनपासून राहिली हा ट्रान्सप्लांटचा दोष नाही हो. दादाची, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून असलेली गोळी एक तास चुकली तर घर डोक्यावर घेता ना?

पेन्शनर_राजारामपुरी :

जगातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांटच जिवंत दात्याचं आहे. २३ डिसेंबर १९५४, बोस्टन, जोसेफ मरे. जुळ्या भावानं जुळ्या भावाला दिली. घेणारा आठ वर्षं जगला, देणारा २०१० साली गेला, एकोणऐंशीचा होऊन. आपल्याकडं १९७१ साली वेल्लोरला झालं तेही जिवंत दात्याचंच. पायाच जिथं घरच्या माणसावर घातलाय तिथं "शेवटचा पर्याय" म्हणणं मला पटत नाही.

रंकाळ्याचा_वारा :

काका, तेव्हा दुसरा पर्यायच नव्हता. एकसारखे जुळे असल्यामुळं शरीरानं किडनी परकी मानली नाही, आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. आणि ते दोघं भाऊ होते. मी सुनांबद्दल बोलतोय.

कोर्टाची_पायरी :

सुनेचं निघालंच आहे म्हणून. १९९४ च्या कायद्यात सून ही सासऱ्याची "जवळची नातेवाईक" नाही. नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आणि २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा, नातवंडं, एवढेच. बाकी सगळ्यांना परवानगी समितीपुढं बसावं लागतं. त्याच दुरुस्तीनं अदलाबदलही आली : माझ्या बायकोची तुमच्या भावाला, तुमच्या वहिनीची मला, रक्तगट अडत असेल तर. त्यामुळं "यादी की घरचा" असं दोन टोकांत भांडू नका, मधेही रस्ते आहेत. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत ट्रान्सप्लांटची मर्यादा २०२३ साली अडीचवरून साडेचार लाख झाली. गोळ्या मात्र जन्माच्या.

तिसरी_पाळी :

सर बरोबर. यादीतबी नाव लावायचं, घरातबी बघायचं. मी कुठं म्हणतोय बाईचीच घ्या? लाल माती, तुझ्या वडलांची तपासणी झाली असती तर माझंबी काय म्हणणं नव्हतं. फक्त कुणाची घ्यायची ते ठरेस्तोवर पेशंटला मशीनवर वर्षानुवर्षं ठेवू नका. तो राधानगरीचा पोरगा चार वर्षं यादीतच आहे.

लाल_माती :

वडील आता नाहीत. असो.

रंकाळ्याचा_वारा :

दोन दिवस लिहिलं नाही. कागलच्या ताईंचं वाक्य लागलं. "पहिला पर्याय नको" हे मी मागं घेतो, राधानगरीच्या पोराचं चार वर्षांचं वाचून. पण "घरातली बाई हा पहिला पर्याय नको" यावर ठाम आहे. घरात आधी पुरुषांचे रक्तगट टेबलावर यावेत, मग बायकांचे.

काल वहिनींना लॅबमध्ये नेलं. रिक्षात म्हणाल्या, "उगीच पैसे घालवताय." ताईंचा प्रश्न विचारला, पुन्हा वेळ आली तर? त्या म्हणाल्या, "दिलीच असती. पण मला कुणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. मी सांगायच्या आधीच तुमच्या आईंनी देवापुढं साखर ठेवली होती."

रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.१. बीपी १४८/९२.

तिसरी_पाळी :

क्रिएटिनिन झकास. बीपी एकदाच्या मापावर धरू नको, लॅबमध्ये जाऊन माणसाचं वाढतंच. घरी मशीन आण, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वहीत लिही, मग ती वही घेऊन डॉक्टरकडं जा. आणि लघवीतलं प्रोटीन? ते लिहिलं नाहीस.

रंकाळ्याचा_वारा :

केलंच नाही. उद्या सकाळी नेतो परत.

एक_किडनीवाली :

तुम्ही नको. दादांना न्यायला सांगा.