मंगळवारचं जेवण आणि हिंगाची डबी

मैत्रिणींनो,
मागच्या मंगळवारी इथे लंडनमध्ये, हॅरोच्या हॉलमध्ये आपण बावीस जणी जेवलो आणि एकीने फक्त केळं खाल्लं. पिनरहून नव्याने येऊ लागलेल्या मैत्रिणीला सीलिअ‍ॅक आहे, गव्हाचा कणही चालत नाही. "पोळ्या टाळ, भात-आमटी आहेच," असं मी तिला फोनवर खात्रीने सांगितलं होतं. तिने वाढून घेण्याआधी हिंगाची डबी मागितली. डबीवर गव्हाचं पीठ लिहिलेलं! आमटी, कोबी, मसालेभात, कढी, सगळ्यांत तोच हिंग. चाळीस वर्षं फोडण्या करतेय, पण डबी उलटी करून कधी पाहिली नव्हती. फार वाईट वाटलं.

हिंगाचा मूळ चीक इतका उग्र असतो की तो सहसा डिंकात आणि पिठात मळून विकतात. पीठ बहुतेकदा गव्हाचं किंवा मैद्याचं. खडा हिंग म्हणजे शुद्ध, असंही नाही. तांदळाच्या पिठातला मिळतो, पण डबी वाचूनच घ्या.

मला सुचतंय ते असं: पुढचं जेवण उपासाच्या पद्धतीचं करू. त्यात तूप-जिऱ्याची फोडणी, हिंग नाहीच. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी. कोण काय आणणार ते कळवा.
हॅरोची काकू

---

काकू,
हे आधीच सांगायला हवं होतं. मला शेंगदाणा चालत नाही, अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन कायम पर्समध्ये असतं. उपासाच्या ताटात तर दाण्याचं कूट सगळीकडे. एकटीसाठी बाकीच्यांनी का बदलायचं, म्हणून आजवर गप्प राहिले आणि घरून जेवून येत गेले. पण पिनरच्या मैत्रिणीसाठी एवढा विचार होतोय, तर माझंही सांगते.
ईलिंगहून

---

अगं, घरून जेवून कशाला येतेस! दोन वर्षं शेजारी बसतोय आपण.

मी रत्नागिरीची. कूट नको तिथे ओला नारळ घाला. भगरीत घाला, बटाट्याच्या भाजीवर पेरा. मी घावनं आणि सोलकढी आणते. घावनाला तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, बस. पण पीठ गव्हावर दळलेलं नको. इथे ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, चालत नाही, तसा शिक्का बघून आणा. थालीपीठ कोणी करणार असेल तर उपासाच्या भाजणीचं करा, आपल्या नेहमीच्या भाजणीत गहू असतो. माझ्या तव्यावर रोज पोळ्या होतात, म्हणून घावनांसाठी नवा तवा घेते.

आणि वाढण्याचं. पोळी कुणी आणलीच, तर ती खिडकीजवळच्या टेबलावर. प्रत्येक पातेल्याला आपापला डाव, एकातला दुसऱ्यात बुडवायचा नाही. डब्यावर चिठ्ठी लावा, त्यात काय काय घातलंय ते मराठीत आणि इंग्रजीत. अ‍ॅलर्जी होऊ शकते असे 14 पदार्थ जेवणात आहेत का, ते इथल्या हॉटेलांना कायद्याने सांगावं लागतं. त्यात गहू, शेंगदाणे, काजू, दूध तर आहेतच, पण तीळ आणि मोहरीसुद्धा आहे. आपली प्रत्येक फोडणी त्यात आली. आपण हॉटेल नाही, पण पंगतीला बसलेली बाई निर्धास्त जेवली पाहिजे.
वॉटफर्डची मावशी

---

काकू, मावशी,
तुमच्या मेल वाचून डोळे भरून आले. लग्न होऊन इथे आल्यापासून बाहेर कुठे जेवायला गेले की मी ताटाकडे नाही, डब्यांवरच्या लेबलांकडे बघते. लोकांना वाटतं नखरे आहेत. कोणी नवा तवा घेईल असं मनातही आलं नव्हतं. मावशी, घावनं घालायला मी सकाळी अकरालाच येते, मला शिकायचीही आहेत.

ईलिंगच्या ताई, मी नारळाच्या वड्या आणते. घरात शेंगदाणे ठेवणार नाही, कढईही वेगळी घेईन. आपण शेजारी बसू.

काकू, एक मागू? दाण्याची आमटी नको, आणि उपास काही खराच नाहीये. तुमची तुरीचीच आमटी करा. हिंगाऐवजी लसणाची फोडणी द्या. त्या दिवशी नुसता वासच घेतला होता.
पिनरहून