शाळा बुडवून गावाला: तुमचं काय झालं ते सांगा

यंदा गणपती 14 सप्टेंबरला, सोमवारी. चिपळूणच्या मूळ घरी मोठ्या दिरांनी सगळ्यांना बोलावलंय. आम्ही इंदूरहून, मधल्या जाऊबाई नागपूरहून, धाकटे ठाण्याहून. गौरी जेवून निघायचं म्हटलं तरी शाळेचे पाच दिवस गेलेच. मुलगी चौथीत, तिचं काही नाही. मुलगा सातवीत आणि त्याची हाफ इयरली 21 पासून.

ठाण्याच्या पुतण्यांना गणपतीची सुट्टी असते. आमच्याकडे चतुर्थीचा एक दिवस, दुसऱ्या दिवशी दप्तर. दिवाळीचंही तेच, त्यांना पंधरवडा आणि वर, आपल्याला पाच-सहा दिवस. भाऊबीज संपेपर्यंत इकडे युनिफॉर्मला इस्त्री. हे महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना कितीदा सांगितलं तरी त्यांना वाटतं आपण नखरे करतोय. "एवढी कसली रे तुमची शाळा?" हे वाक्य मी लग्न झाल्यापासून, म्हणजे मुलं व्हायच्या आधीपासून, ऐकतेय. तेव्हा ते दुसऱ्या पुतण्यांबद्दल असायचं.

तर धागा काढते. सल्ला नको, तो घरात भरपूर मिळतो. किती दिवस बुडवले, अर्जात काय लिहिलं, परत आल्यावर काय निस्तरावं लागलं, ते सांगा. ज्यांनी नाही बुडवले त्यांनीही लिहा. शाळांची नावं मात्र टाकू नका.

(लोकमान्य नगर, इंदूर)

*

सुदामा नगर, दोन मुलींची आई

आमचं टायफॉइड प्रकरण सांगते.

मोठी दुसरीत होती. माझ्या धाकट्या भावाचं लग्न, नगरला, डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात. मुहूर्त काही शाळेला विचारून काढत नाहीत. क्लास टीचरनी आधीच मम्मीज ग्रुपवर टाकलं होतं की लग्नकार्याच्या सुट्ट्या मागू नयेत. मी घाबरले आणि ॲप्लिकेशनमध्ये लिहिलं, ताप आहे, डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती सांगितली आहे. ओळखीच्या डॉक्टरांकडून मेडिकलही आणलं. त्यांनी उत्साहाच्या भरात टायफॉइड लिहून दिला.

आठव्या दिवशी पोरीला शाळेत पाठवलं ते दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने लालभडक. माझ्या डोक्यातच आलं नाही. आठ दिवस ती मेंदी बघून बघून ती मला दिसेनाशी झाली होती! मॅमनी विचारलं असणार. पोरीने काय सांगितलं हे तिने आजतागायत नीट सांगितलेलं नाही. डायरीत फक्त एक ओळ आली: "तब्येत आता बरी दिसते."

पुढच्या पीटीएमला (पालक-शिक्षक भेटीला) मी नवऱ्याला पाठवलं.

पण खरं सलणारं दुसरंच. महिनाभराने तिला खरंच ताप आला, दोन दिवस घरी ठेवली, तर तिने मला विचारलं, "आई, हा खरा आहे की लग्नाचा?" तेव्हापासून आमच्या घरी अर्जात खरं कारण लिहितात. एकदा नामंजूर झाला, तरी गेलो. रजिस्टरमध्ये गैरहजेरी लागली. लागू दे.

*

राजेंद्र नगर, निवृत्त शिक्षिका

बत्तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले, म्हणून थोडं मोठं लिहिते. वरच्या बाईंची मेंदी वाचून हसले. आम्हाला सगळं कळतं हो. डोंबिवलीला मावशीकडे गेलेलं पोर आणि आजारी पोर यांतला फरक दारातून येतानाच दिसतो. आजारी पोराला डबा खायचा नसतो.

आधी नियमांचा घोळ. दहावी-बारावीला सीबीएसईची 75 टक्के हजेरीची अट खरी आहे. त्यात सूट मिळते ती गंभीर आजारपण, घरातला मृत्यू, राष्ट्रीय पातळीवरचा खेळ अशा कारणांना, तीही कागद लावून. काकाचं लग्न किंवा गोवा त्यात बसत नाही. पण हिशोब करून बघा, शाळा 220 दिवस भरली तर 75 टक्के म्हणजे 165. पाच दिवसांच्या गणपतीने कोणाची परीक्षा अडत नाही. शिक्षणहक्क कायद्यात जे 200 आणि 220 दिवस आहेत (पाचवीपर्यंत 200, सहावी ते आठवी 220), ते शाळेने किती दिवस भरायचं त्याबद्दल आहेत. ऑफिसमधली मंडळी तोच आकडा पालकांच्या तोंडावर फेकतात, मी स्वतः ऐकलंय.

मग आम्ही का चिडतो? दिवसांमुळे नाही. चाळीस मुलांच्या वर्गात दसरा-दिवाळीच्या आगेमागे रोज सात-आठ वेगवेगळी मुलं नसतात. आज भागाकार शिकवला तर उद्या आलेल्या चौघांना पुन्हा, परवा आलेल्या तिघांना पुन्हा. जी पोरं रोज येतात ती कंटाळून बाकावर रेघोट्या मारतात. आपल्या पोराचे पाच दिवस हे फक्त आपल्या पोराचे नसतात, एवढं पालकांना दिसत नाही.

आणि एक. परत आल्यावर "वह्या पूर्ण करून घ्या" म्हणून मैत्रिणीची वही घरी नेतात. पोर रात्री अकरापर्यंत उतरवतं. उतरवून काय कळतं? त्या वह्या मी तपासल्या आहेत. मैत्रिणीच्या चुकाही जशाच्या तशा उतरलेल्या असतात, खाडाखोडीसकट.

तुमच्या सातवीच्या मुलाचं: गणिताच्या सरांना आधीच भेटा, कोणता धडा होणार ते विचारा, तेवढाच न्या. सगळं दप्तर चिपळूणला नेऊ नका, ते तिथे कोनाड्यात बसतं आणि तसंच परत येतं.

(सल्ला नको म्हणाला होतात. सवय.)

*

विजय नगर

आमच्या मुलीला नववीत आत्याच्या लग्नासाठी चार दिवस मिळाले नाहीत, प्रिन्सिपलसमोर उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. तिच्याच सोसायटीतला मुलगा अकरावीत डमी ॲडमिशन घेऊन दोन वर्षं कोचिंगला जातोय, शाळेचं फाटक कोणत्या रंगाचं आहे ते त्याला माहीत नाही. त्याची हजेरी पूर्ण आहे. मला एवढंच म्हणायचंय.

*

स्नेहलतागंज, आजी

माझी लेक इंग्लंडमध्ये असते, दोन नातू, नऊ आणि सहा वर्षांचे. तुमच्याकडे बाई रागावतात, तिकडे दंड करतात. दहा आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी बुडाले की नोटीस येऊ शकते. आई-बाप दोघांनाही वेगळी आणि प्रत्येक मुलामागे वेगळी. ऑगस्ट 2024 पासून 80 पौंड, 21 दिवसांत भरले नाहीत तर 160. लेकीने हिशोब मांडून दाखवला: दोन मुलं, दोघं आई-बाप, चार नोटिसा, 320 पौंड. मी म्हटलं, तेवढ्यात इथे शंभर जणांचं केळवण होईल.

त्यामुळे ती येते ती त्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, जुलैअखेर ते ऑगस्ट, आपला ऐन पावसाळा. इंदुरात तेव्हा पोरांना दाखवायचं काय? गराडू (तळलेला कंद) थंडीतला, गेर (रंगांची मिरवणूक) रंगपंचमीची. भुट्ट्याचा कीस तेवढा मिळतो.

2025 ला मात्र योग आला. गणपती 27 ऑगस्टला बसले. नातवंडांनी पहिल्यांदा घरचा गणपती बघितला, धाकट्याने आरतीत झांज वाजवली, तीही सगळ्या आरत्यांना एकाच तालात. पण त्यांची शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडते, म्हणून 30 तारखेला निघाले. मग महालक्ष्म्या नाहीत आणि 6 सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्याही (मिलच्या सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) नाहीत. आमचे हे हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल 1991 ला बंद पडली, झांकी अजून निघते. यांना नातवाला खांद्यावर घेऊन ती दाखवायची होती. जावई म्हणाले, राहू या, भरू दंड. लेक नको म्हणाली. पैशांचं नव्हतं, मोठ्याची नवीन वर्गाची पहिलीच वेळ होती, आणि तो दरवेळी आठवडाभर बुजलेला असतो.

झांकी व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिकडे संध्याकाळ, इकडे रात्र, गर्दीत आवाज काही ऐकू येईना. यांनी फोन वर धरला तो वीस मिनिटं खाली केला नाही, खांदा दुसऱ्या दिवशी शेकवावा लागला.

यंदा 14 सप्टेंबर, म्हणजे प्रश्नच नाही.

*

अन्नपूर्णा रोड, एक बाबा

सगळे भावनेवर बोलून राहिलेत, मी पैशावर बोलतो. मी सरळ सांगतो, आम्ही शाळा स्वस्ताईसाठी बुडवतो. मेमध्ये किंवा 25 डिसेंबरच्या आठवड्यात जे हॉटेल परवडत नाही ते नोव्हेंबरच्या मंगळवारी परवडतं. वर पोरगं पाच वर्षांचं झालं की बर्थ हवा असेल तर रेल्वे पूर्ण भाडं घेते. चौघांचं कुटुंब म्हणजे चार तिकिटं.

तिसरीत असताना मुलाला नोव्हेंबरात कान्हाला नेलं, चार दिवस बुडवून. सुट्टीत जायचं तर मोठी सुट्टी पाहिजे आणि ऐन पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, जंगल बंदच. वाघ दिसला नाही. बारशिंगे दिसले, गवतात शिंगंच शिंगं. गाइड म्हणाला, 1970 मध्ये हे इथे फक्त 66 उरले होते. पोराने तो आकडा असा धरला की ईव्हीएसच्या (परिसर अभ्यासाच्या) पेपरात "लुप्त होणाऱ्या प्राण्यांची नावे" या प्रश्नाखाली आकड्यासकट लिहून आला. मार्क कापले, कारण पुस्तकात दिलेली चार नावं हवी होती.

घाटा सांगायचा तर तोही आहे. त्याच चार दिवसांत ॲन्युअल डेच्या नाचाची निवड झाली. पोरगं नसल्याने त्याला झाड केलं. तीस मिनिटं हिरवा कागद गुंडाळून उभा होता. कान्हाची आठवण काढली की तो अजून आधी झाडाची काढतो.

*

रामबाग, आता वय 47

मी त्या मुलांपैकी, ज्यांना नेलं. सहावीत होतो. वर्ध्याला काकाचं लग्न, मग देवदेव, मग आजीने "आता आलाच आहात तर" म्हणून ठेवून घेतलं. सगळे मिळून सतरा दिवस. मजा विचारू नका. विहिरीत पोहायला शिकलो, हुरडा खाल्ला, पाच चुलत भावंडं एका गादीवर.

परत आलो तेव्हा फळ्यावर एक्स होता. मला वाटलं सरांनी काहीतरी चुकवलंय म्हणून फुली मारली आहे. पण सगळा वर्ग त्या फुलीची किंमत काढत होता. सतरा दिवसांत बीजगणित सुरू होऊन पुढे गेलं होतं आणि एक्स म्हणजे कोण हे मला कोणीच सांगितलं नाही, कारण तो पहिल्याच दिवशी सांगून झाला होता. विचारायची लाज वाटली. दहावीपर्यंत मी गणितात पास झालो ते पाठ करून. पुढे कॉमर्सला गेलो. घरी सगळे म्हणतात, आमच्याकडे गणित कोणालाच जमत नाही, रक्तातच नाही. मला माहीत आहे ते सतरा दिवसांत गेलं.

तरी त्या विहिरीच्या बदल्यात मी एक्स परत घेणार नाही. पण माझ्या मुलाला सहावीत असताना तीन दिवसांच्या वर मी कुठे नेलं नाही. हे दोन्ही कसं खरं असू शकतं ते मला विचारू नका.

*

तिलक नगर

आम्ही एकही दिवस बुडवला नाही, दोन्ही मुलांचा. नवरा-बायको दोघंही नोकरीत, रजा आम्हालाच नसायची, तत्त्वबित्त्व काही नव्हतं. रविवारी पहाटे निघून मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर. पावसाळ्यात पातालपाणी. मुलांना मांडूच्या खुरासानी चिंचेची झाडं एकेक ओळखीची झाली होती. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा थोरली अठरा वर्षांची होती. तिने पाण्यात पाय घातला आणि म्हणाली, "एवढ्या उशिरा आणलंत." हसत म्हणाली, पण म्हणाली.

*

लोकमान्य नगर, धागाकर्ती

सगळं वाचलं, यांनाही वाचून दाखवलं. रामबागवाल्यांचा एक्स मुलाने स्वतःच वाचला आणि गंभीर झाला. सातवीत सप्टेंबरात काय चालू असतं ते त्यानेच पुस्तक काढून बघितलं, हा धाग्याचा फायदा.

ठरलं ते असं. शुक्रवारी 11 ला निघायचं. मुलगी आणि मी गौरी जेवून येणार. मुलगा आणि हे मात्र, चौघांत वाद होऊन शेवटी ठरलं तसं, मंगळवारी रात्री परत निघणार, म्हणजे त्याचे दोन किंवा तीनच दिवस जातील. सासूबाईंना हे मुळीच पटलेलं नाही, गौरीला घरातला मुलगा नाही म्हणजे काय. जाण्याची तिकिटं साठ दिवस आधी उघडली त्या सकाळी आठला बसले होते, अवंतिकाची मिळाली. मुंबईहून पुढे कोकणात जायची गाडी मात्र पाच मिनिटांत वेटिंगवर गेली. सध्या 38, 39, 40, 41.

अर्ज दोन्ही मुलांचा पाठवला. कारण खरं लिहिलंय, "मूळ गावी गौरी-गणपती". मुलीच्या मॅमनी लगेच अंगठा टाकला. मुलाच्या शाळेचं ॲप चार दिवस "विचाराधीन" दाखवतंय.