आईला मॉडर्न डान्स दाखवायचाय, एली की ग्रॅहम? (एडिसन, बजेट दीडशे डॉलर)

सांगलीची_स्वाती: मंडळी, आई सांगलीहून आलीये, मेअखेरपर्यंत आहे. आयुष्यभर कथक शिकवलं, आता इथला मॉडर्न डान्स एकदा तरी थिएटरात बघायचा म्हणते. एप्रिलमध्ये मार्था ग्रॅहम कंपनी मॅनहॅटनला जॉइस थिएटरात आहे आणि मदर्स डेच्या वीकेंडला अल्विन एली कंपनी न्यूअर्कला एनजेपॅक थिएटरात. दोन्ही परवडणार नाही. मी, आई, नवरा, तिघांचे मिळून दीडशे, त्यावर एक पैसा नाही. आईचे गुडघे दुखतात, जिने फार नकोत. काय बघू?

जर्सीचा_जावई: एली. डोळे झाकून. आम्ही ऑर्केस्ट्रात, म्हणजे स्टेजसमोरच्या खालच्या सीटांवर, पुढे बसलेलो, सव्वाशेचं एक तिकीट, पण नाचणाऱ्यांचा घाम दिसतो हो! स्वस्तात उरकू नका, आई काय रोज येणारे का.

सांगलीची_स्वाती: दादा, बजेट लिहिलंय वर.

जर्सीचा_जावई: वाचलं. तरी ऑर्केस्ट्राच घ्या.

खमंग_काकू: एलीच गं. शेवटी बहुतेक 'रेव्हलेशन्स' हे एलीचं नृत्य असतंच, १९६० चं आहे पण अजून लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. स्टेजभर निळं-पांढरं कापड ताणून नदी करतात, त्यातून पांढरी छत्री घेतलेली बाई जाते, आणि शेवटी पिवळ्या झग्यातल्या बायका स्टुलांवर बसून हातपंखे हलवत नुसत्या नजरेने कुचकुच करतात, अगदी वाड्यातल्या दुपारसारखं. पार्किंग मात्र आधी बुक कर, आम्हाला आयत्या वेळी एका गॅरेजवाल्याने लुटलं.

एडिसनकर: पार्किंग कशाला? एडिसनहून ट्रेन थेट न्यूअर्क पेन स्टेशनला जाते, तिथून लाइट रेलचा पहिलाच स्टॉप.

खमंग_काकू: गुडघे दुखतात म्हटलंय तिने.

एडिसनकर: लिफ्ट असते हो काकू न्यूअर्क पेनला.

खमंग_काकू: असणं वेगळं आणि चालू असणं वेगळं.

ताल_बेताल: मॉडर्न डान्स म्हणजे नुसतं लोळणं. एकदा पैसे भरून बघितलंय, एक माणूस अर्धा वेळ भिंतीला टेकून उभा. पायांचा तत्कार नाही, तालाची सम नाही, कथकवाल्या बाईने बघायचं काय?

अनवाणी: @ताल_बेताल तुम्ही बघितलं ते भलतंच. ग्रॅहमकडे सगळं घोटून घेतलेलं असतं. बाईंनी १९२६ ला कंपनी काढली आणि स्वतःचं टेक्निक बसवलं, श्वास सोडत पोट आत ओढायचं, पाठीची कमान होते, मग सोडायचं, काँट्रॅक्शन आणि रिलीज. मी थोडं शिकलेय, दुसऱ्या दिवशी हसलं तरी पोट दुखतं. ज्या डेनिशॉन नावाच्या नृत्यशाळेत त्या शिकल्या तिथली मंडळी १९२६ मध्ये भारतात दौरा करून गेलेली, तोवर बाई मात्र तिथून बाहेर पडल्या होत्या. स्वाती, जॉइस छोटं आहे, ४७२ सीट, मागे बसूनही चेहरे दिसतात, सगळ्यात स्वस्त तिकीट काढ बिनधास्त. एनजेपॅकला अगदी वर बसलं की नुसत्या रचना दिसतात.

ताल_बेताल: म्हणजे शेवटी आपल्याकडूनच उचललं.

अनवाणी: असं मी कुठे म्हटलं??

वाचनमात्र: काकूंना अनुमोदन, एली. 'क्राय' असलं तर सोडू नका, एलीने १९७१ मध्ये आईच्या वाढदिवसासाठी बसवलेला सोलो आहे, एकटी बाई जवळपास पंधरा मिनिटं स्टेज धरून ठेवते. पण प्रोग्रॅम शोगणिक बदलतो, आधी वेबसाइटवर त्या दिवशीची यादी बघा. आणि तिकीट थिएटरकडूनच घ्या. मला एका रिसेल साइटने दुप्पट भावात खांबामागची सीट विकली.

जर्सीचा_जावई: म्हणून म्हणतोय ऑर्केस्ट्रा.

सांगलीची_स्वाती: सगळ्यांचे आभार. आईला दोन्हीकडच्या क्लिपा दाखवल्या. एलीचं बघून छान म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. ग्रॅहमचं 'लॅमेंटेशन' लावलं, १९३० चं, बाकावर बसलेली बाई जांभळ्या कापडाच्या नळीत आतून ताणत राहते, तर मला म्हणाली परत लाव. आमच्या तारखेच्या यादीत ते नाहीये, सांगितलं तिला, तरी हीच कंपनी बघायची म्हणते. नवऱ्याने आनंदाने माघार घेतली, त्यामुळे दीडशेत आम्हा दोघींना पहिल्या रांगेतली काढली.

अनवाणी: पहिली रांग?? मान अवघडेल गं, मागची सांगितलेली ना मी.

सांगलीची_स्वाती: आईला श्वास ऐकायचाय म्हणे.

खमंग_काकू: बरं, पण मॅनहॅटनला गाडी कुठे लावणार?