लोकेशनपेक्षा गाडीत कोण आहे ते बघा
नुकतीच गाडी चालवायला लागलेली मुलं बाहेर गेली की त्यांच्या फोनचं लोकेशन बघत राहावं, जीव थाऱ्यावर राहतो, असं एका पालकाने लिहिलंय. माझा अनुभव उलटा आहे. नकाशावरचा ठिपका सिग्नलला जरा रेंगाळला तरी पोटात गोळा येतो, आणि गाडीत कोण बसलंय ते तो ठिपका काही सांगत नाही. खरी जोखीम तिथेच आहे. नवशिक्या पोरांच्या गाडीत समवयस्क मित्र असले की अपघाताची शक्यता वाढते, रात्री तर आणखीच. न्यूझीलंडने १९८७ सालीच टप्प्याटप्प्याने परवाना द्यायला सुरुवात केली ती यासाठीच. मधल्या टप्प्यात शेजारी अनुभवी चालक नसेल तर रात्री १० ते पहाटे ५ गाडी चालवायची नाही, मित्रांना बसवायचं नाही.

आम्ही लेकीशी हेच दोन नियम ठरवले, सुरुवातीच्या काही महिन्यांपुरते. चिडली, पण मानलं तिने. अभिमान तर वाटतोच हो. सीट पुढे ओढते, आरसा आपल्या उंचीला लावते, मान वळवून मागे बघते आणि मगच गाडी काढते. ऊर भरून येतो अगदी. मैत्रिणींना सोडायचं असेल तर मात्र आमच्यापैकी एक जण शेजारी बसतो, आणि ते तिला अजूनही फारसं पटलेलं नाही.